अमेरिकेचा भार आणि आमचे व्याही

अमेरिकेच्या डोक्यावरचा भार हलका व्हावा म्हणून मनापासून झुरणारा माणूस खुद्द अमेरिकेतसुद्धा सापडायचा नाही. तो संभाजीनगरात सापडतो, आणि तो माझा व्याही आहे. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडी गंमत येईलच, ती माझ्या हाडात आहे, पण या माणसाचं नाव काढून कुणी नुसतं फिदीफिदी हसायला लागलं तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही. जगातल्या कितीतरी देशांची राखण अमेरिका करते, तिची जहाजं परक्या समुद्रात फिरतात, तिची पोरं परक्या मुलखात पहारा देतात. मग ज्यांच्या दारात हा पहारा उभा आहे त्या मित्रराष्ट्रांनी त्या खर्चातला वाटा कसा उचलावा, आणि उचलला तर पहारा कुठं लावायचा हे विचारायचा हक्क त्यांना किती असावा, हा व्याह्यांच्या आयुष्याचा प्रश्न. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवण्यात हयात गेली, नोकरी संपूनही पुष्कळ वर्षं झाली, पण प्रश्न काही निवृत्त झाला नाही. आपल्या नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे ज्याला कधी सांगता आलं नाही, तो माणूस वॉशिंग्टनला आता किती वाजले हे घास घेता घेता सांगायचा.

त्यासाठी त्यांच्या बाहेरच्या खोलीत दोन घड्याळं होती, अजून आहेत. शेजारी शेजारी, एकाच मापाची. एक आपलं, एक तिकडचं. तिकडची माणसं वर्षातून दोनदा घड्याळ तासभर मागंपुढं करतात म्हणे, म्हणून आमचे व्याहीही वर्षातून दोनदा स्टुलावर चढायचे. माझ्या विहीणबाई खाली स्टूल धरून उभ्या आणि हे वर देवळाचा कळस बसवावा तशा गंभीर चेहऱ्यानं काटा सरकवताहेत, हे दृश्य मी डोळ्यांनी बघितलंय. विहीणबाईंना एकदा मी हळूच विचारलं होतं, "काय हो, तासभर इकडं तिकडं झाला तर आपलं काय जातं?" त्या म्हणाल्या, "आपलं काही जात नाही. पण यांना वाटतं, तिकडं कुणीतरी वाट बघतंय."

या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते माझ्या लेकीच्या बैठकीला. आमच्याकडं सोयरीक जुळवताना बैठक बसते. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात आणि लग्नातला कोणता खर्च कुणी करायचा ते ठरवतात. ठरवतात म्हणजे मुलाकडचे बोलतात आणि मुलीकडचे माना हलवतात. त्या दिवशी तिथं जी बाई काठापदराच्या साडीत आखडून बसली होती तिची मला आज फार कीव येते. तिला वाटायचं की आपल्याइतकं व्यवहाराचं कुणाला कळत नाही. तिनं घरी आरशासमोर उभं राहून उत्तरं पाठ केली होती. मंडपाचं विचारलं तर हे म्हणायचं, मानपानाचं निघालं तर ते, भांड्यांवर आलं तर डोळ्यांत जरा पाणी आणायचं. ती बाई आत येऊन बसली, तिनं नेमकं तिकडचं घड्याळ बघितलं, आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणाली, "तुमचं हे घड्याळ बंद पडलंय वाटतं."

"बंद नाही," व्याही शांतपणे म्हणाले, "तिकडं अजून उजाडायचंय."

एवढ्यावरून शहाण्या बाईनं ओळखायला हवं होतं. मी कशाची ओळखते! पोहे यायच्या आधी व्याह्यांनी घसा साफ केला, माझ्याकडं बघितलं, आमच्या यांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "ताई, तुमचं मत काय? अमेरिकेचा सगळा खर्च एकट्या अमेरिकेनंच का सोसावा? मित्रराष्ट्रांनी काही वाटा उचलायला नको का?"

मुलगा नुकताच इंजिनियर झालेला. शिकलेल्या घरातली माणसं हुंडा तोंडानं मागत नाहीत, आडवळणानं सुचवतात, हे मला माझ्या मावसबहिणीनं आधीच सांगून ठेवलं होतं. अमेरिका, खर्च, वाटा! आता याहून सरळ कोण बोलणार? पोराला अमेरिकेला पाठवायचंय आणि खर्च आमच्या गळ्यात घालायचाय. बसल्या जागी मी मनातल्या मनात माझ्या पाटल्या सोनाराकडं देऊन परतसुद्धा आले. यांनी काही बोलायच्या आत मी, आवाज कापत असताना, पण ताठ मानेनं म्हणाले, "निम्मा. निम्मा आमच्याकडं. त्याच्यावर आमची ताकद नाही."

व्याही खुर्चीतून उठलेच. "निम्मा!" ते म्हणाले. "ताई, एवढ्या मोकळ्या मनानं आजवर कुठल्याच मित्रराष्ट्रानं शब्द दिलेला नाही!" आणि आत तोंड करून ओरडले, "अगं ऐकलंस का? निम्मा म्हणतायत!"

विहीणबाई दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या खुललेल्या चेहऱ्याकडं बघितलं, मग माझ्या कपाळावरच्या घामाकडं बघितलं. त्यांना एका क्षणात सगळं कळलं. ट्रे खाली ठेवत त्या अगदी सहज म्हणाल्या, "त्या लग्नाच्या खर्चाचं बोलतायत. निम्मं त्यांचं, निम्मं आपलं. चांगलं आहे की. तसंच करू."

आणि तसंच झालं. आमच्या भावकीत तोवर मुलीच्या बापानं सगळं करायचं आणि वर हात जोडायचे, अशीच रीत होती. निम्म्या-निम्म्यावर झालेलं ते पहिलं लग्न. लोक मला हुशार म्हणायला लागले आणि मीही, आतलं काही न सांगता, हुशारीनं मान डोलवत राहिले. खरी गोष्ट मी विहीणबाईंना खूप नंतर, हुरडा खाताना सांगितली. त्या इतक्या हसल्या की हातातली कणसं खाली पडली. "मला माहीत होतं," म्हणाल्या. "तुमचा चेहरा असा झाला होता, जसं काही तुम्हालाच अमेरिकेला धाडतायत."

तर असे आमचे व्याही. पंगतीत बसले की ताटात जग मांडायचे. मधोमध भाकरी, ती अमेरिका. कडेला पिठलं, ठेचा, कांदा, ते सगळे मित्र. "भाकरीवाचून कुणाचं चालत नाही," ते समोरच्याला सांगायचे, "पण नुसती भाकरी तरी कुणाच्या घशाखाली उतरते का?" समोरचा बिचारा उपाशी असायचा, मान हलवायचा. क्रांती चौकातून माणशी भाड्याची रिक्षा पकडली की मागच्या सीटवर दाटीनं बसलेल्या अनोळखी माणसांनाही सुटका नसायची. एकदा मी सोबत होते. रिक्षावाले चाचा बराच वेळ ऐकत होते, शेवटी आरशातून बघत म्हणाले, "साब, अमरीका कू इत्ता भारी पड़रा तो गाड़ी बेच देना बोलो ना उनकू." मागची माणसं हसली. व्याही हसले नाहीत. सगळा रस्ता विचार करत बसले आणि उतरताना म्हणाले, "विकून चालत नाही हो. मग जे बसलेत त्यांनी कुठं जायचं?"

लग्नानंतर दोन्ही घरं मिळून अजिंठ्याला निघालो होतो, तेव्हा फर्दापूरला चहाला थांबलो. तिथं हॅट घातलेला एक म्हातारा गोरा पाठीवर पिशवी घेऊन एकटाच चहा पीत होता. व्याही त्याच्याजवळ गेले, कुठले म्हणून विचारलं. अमेरिका म्हटल्यावर त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत असा घेतला जसा मयताच्या घरी भेटायला गेल्यावर घ्यावा, आणि इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही लोकांनी फार भार उचललाय." त्या भल्या माणसानं मागं वळून आपल्या पिशवीकडं बघितलं आणि ती मुळीच जड नाही असं त्यांना समजावून सांगितलं. माझी लेक नवी नवरी. ती पदर तोंडाला लावून गाडीच्या मागं गेली. व्याह्यांनी मात्र त्याच्या चहाचे पैसे टपरीवाल्याला दिले आणि आमच्याकडं येऊन सांगितलं, "आपण त्यांच्या करारातले मित्र नाही. तरी चहा आपल्याकडून. सुरुवात कुणीतरी करायला पाहिजे."

हे वेड आलं कुठून, याचं उत्तर ते स्वतःच द्यायचे. त्यांचं गाव लासूर स्टेशनजवळ. तिथं त्यांच्या लहानपणी सावड असायची. एकट्याच्यानं रान नांगरून होत नाही, म्हणून पाच-सात घरं एकत्र यायची आणि एकेकाचं रान सगळे मिळून उरकायची. ज्याच्याकडं बैल त्यानं बैल द्यायचे, ज्याच्याकडं नाहीत त्यानं स्वतः राबायचं, आणि एक म्हातारी एकटी राहायची, तिच्याकडं दोन्ही नव्हतं, ती सगळ्यांना कालवण करून घालायची. तिचाही वाटा पुरा धरायचे. व्याह्यांचे वडील, म्हणजे आप्पा, हे सावडीचे म्होरके. त्यांची बैलजोडी सगळ्यांत दांडगी, आणि त्यांचा नेम असा की म्होरक्याचं रान शेवटी. आधी सगळ्यांची, मग आपलं. "पुढारपणाची किंमत हीच," व्याही बोट वर करून सांगायचे. "अमेरिकेला पुढारपण हवं आणि रानही पहिलं हवं, तिथं सोयरे कुरकुरतात. आणि सोयऱ्यांना वाटतं बैल त्यांचेच राबावेत, आपण नुसतं बांधावर बसावं. दोघांचंही चुकतं." एवढं बोलून ते थांबायचे, आणि ऐकणाऱ्यालाही वाटायचं की आता यापुढं काही राहिलं नाही.

कांबळे सरांना मात्र तसं वाटायचं नाही. कांबळे सरही मूळचे लासूरकडचेच, त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. व्याह्यांच्या पलीकडच्या गल्लीत राहतात. रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला ते येणार, आणि दोघं अमेरिकेवरून भांडणार, हा त्या घरातला दिवेलागणीचा क्रम. "सर, तुम्ही पुढारपणाचा खर्च सांगता, मिळकत का सांगत नाही?" ते म्हणायचे. "ज्याचा पहारा त्याचाच बाजार. त्याचं चलन सगळीकडं चालतं, त्याची हत्यारं मित्रच विकत घेतात. आणि खरी मेख पुढंच आहे. जो वाटा देईल तो विचारणारच, की पहारा कुठं लावताय आणि कशासाठी. अमेरिकेला वाटा हवाय, विचारणं नकोय."

"ते तिला शिकावं लागेल," व्याही म्हणायचे.

एकदा सावडीची गोष्ट रंगात आलेली असताना कांबळे सर हळू आवाजात म्हणाले, "आणि सर, तुमच्या त्या सावडीत आमच्या वस्तीतलं एक तरी रान होतं का? आमची माणसं नांगरामागं होती, हे मला माझ्या आज्यानं सांगितलंय. सावडीत नव्हती." मी तिथं होते, मला माझ्या हातातला कप कुठं ठेवावा ते कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही स्वतः चालत कांबळे सरांच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच म्हणाले, "खरं आहे तुमचं. मी आप्पांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही." तेव्हापासून ते सावडीची गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी, समोर कुणीही असो, म्हणायचे, "त्या सावडीत सगळ्यांना धरलं नव्हतं. ज्यांना धरलं नाही त्यांच्याही खांद्यावर ती चालली होती." कुणाकुणाला त्याचा संदर्भ लागायचा नाही. ते तरीही म्हणायचे.

इतकं वाट्याचं बोलणारा हा माणूस स्वतः मात्र कुणाला वाटा उचलू देत नव्हता, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. थोरला म्हणून भावांची शिक्षणं यांनी केली, बहिणींची लग्नं यांनी केली, कुणाची विहीर, कुणाचा दवाखाना. कुणी परत करायला आलं की हे म्हणायचे, "राहू दे, तुझी पोरं लहान आहेत." पोरांची लग्नं झाली तरी ती पोरं यांच्या लेखी लहानच.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी विहीणबाईंना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण डोकं जसंच्या तसं. व्याह्यांना तोवर घरात मीठ कुठं असतं हे ठाऊक नव्हतं. त्या माणसानं सगळं शिकून घेतलं. कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, कपडे बदलणं. वेणीसुद्धा शिकले; ती वेणी आहे की बैलाची वेसण, हे लांबून कळायचं नाही, पण घालायचे रोज. लेक-जावई पुण्याहून आले, आमच्याकडं चला म्हणाले, नको. इथं माणूस ठेवू म्हणाले. ज्या मावशी ठेवल्या त्यांतली एकही टिकली नाही, कारण प्रत्येकीच्या मागं हे उभे राहून सूचना करायचे. लासूरचे त्यांचे धाकटे भाऊ ज्वारीचं पोतं घेऊन यायचे आणि चहा पिऊन परत जायचे. मी जायचे तर मला आत जेमतेम डोकावू द्यायचे, मग बाहेर बसवून स्वतःच्या हातानं चहा करून द्यायचे आणि जपान अमेरिकेच्या खर्चात किती वाटा देतो ते सांगायचे. मी ओलं फडकं पिळायला उठले तरी, "ताई, तुम्ही बसा, तुम्ही पाहुण्या." आतून विहीणबाई माझ्याकडं बघायच्या. ते बघणं मला कळायचं, आणि तरी मी बसायचे. सोयऱ्याच्या घरात किती पुढं जावं, हे माझ्यासारख्या आगाऊ बाईलाही कळत नव्हतं.

दिवसेंदिवस ते वाळत चालले. झोप अशी नव्हतीच. आणि त्याच दिवसांत टीव्हीवर रोज तेच चाललं होतं: अमेरिका मित्रांना सांगत होती, आता आपापला भार उचला, मित्र एकमेकांची तोंडं बघत होते, कुणी चिडलं होतं, कुणी घाबरलं होतं. व्याह्यांच्या प्रश्नाला अखेर सगळ्या जगानं हात घातला होता. मला वाटलं होतं, यांना आनंद होईल. मी विचारलं तर म्हणाले, "असं अंगावर टाकून नसतं द्यायचं. सांगून, बसून ठरवायचं असतं." आणि उठून आत गेले, कारण विहीणबाईंना कूस बदलायची वेळ झाली होती.

एका संध्याकाळी कांबळे सर नेहमीप्रमाणं आले. दार आतून लावलेलं. टीव्ही मोठ्यानं चालू, अमेरिकेचीच बातमी, आणि व्याही गप्प. कांबळे सर मला नंतर म्हणाले, "बातमी अमेरिकेची आणि घरातून शब्द नाही, म्हटल्यावर मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय." ते मागच्या दारानं आत शिरले. विहीणबाईंना खुर्चीतून पलंगावर घेताना व्याह्यांची कंबर धरली होती आणि दोघंही खाली आले होते. विहीणबाईंचं डोकं मांडीवर घेऊन ते भिंतीला टेकून बसले होते. कुणाला हाक मारली नव्हती. डॉक्टरांनी बजावलं, यापुढं यांनी काही उचलायचं नाही. पुन्हा पडले तर दोघांनाही उठवणं आपल्या हातात राहणार नाही.

तेव्हा मी बैठक बोलावली. हो, मीच. रविवारी लेक-जावई पुण्याहून आले, व्याह्यांचे लासूरचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, आले, कांबळे सर आले. मी मुद्दाम पहिल्या बैठकीतल्या त्याच खुर्चीत बसले, दोन घड्याळांच्या समोर. व्याही कमरेला पट्टा बांधून ताठ बसलेले. पहिलंच वाक्य त्यांचं. "कुणी यात पडायचं कारण नाही. माझं घर मी बघतो."

"दादा, लई बघितलं तुम्ही," भाऊजी म्हणाले. "आमाला बी हात हायेत की."

"तू इथं येऊन बसलास तर तिथं कांदा कोण काढील?"

"कांदा निघंल हो. त्यो काय पळून जात नाय."

"सर," कांबळे सर म्हणाले, "हे तुमच्या जन्मभराच्या व्याख्यानाच्या उलटं चाललंय."

"देशाचं वेगळं, घराचं वेगळं."

"वेगळं कसं व्याहीबुवा?" मी म्हणाले. "इतकी वर्षं तर तुम्ही भाकरीवरून अमेरिका समजावलीत. आता भाकरी वेगळी झाली?"

त्यांनी कमरेचा पट्टा जरा सैल केला. मग जे बोलले ते इतक्या बारीक आवाजात की जावई पुढं वाकला. "तुम्ही वाटा उचलाल. मग म्हणाल, हिला असं निजवू नका, तसं भरवू नका. मग म्हणाल दवाखान्यात ठेवा. पुण्याला न्या. तुमचं बरोबरच असेल. पण हिचं मला कळतं. रात्री ही हाक मारत नाही, नुसता श्वास बदलते. ते कुणाला कळणार?"

कांबळे सरांनी चष्मा काढून पुसला. "सर, जो वाटा देईल तो विचारणारच," ते अगदी मायेनं म्हणाले. "ते शिकावं लागेल, असं तुम्हीच म्हणायचात."

तेवढ्यात आतून स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. आम्ही सगळे आत धावलो. विहीणबाई डाव्या हातात पेला धरून आमच्याकडं रागानं बघत होत्या. शब्द जड येत होते, पण एकेक सुटा येत होता.

"मला… कुणी… विचारलं का?"

खरंच की. जिच्यासाठी सगळा पहारा, तिला कुणी विचारलंच नव्हतं. व्याही पायथ्याशी बसले. विहीणबाईंनी दम घेतला. "पुण्याला… जाणार नाही. मावशी मी निवडीन. वेणी… ताई घालतील. यांची… टोचते." मग पेल्यानं त्यांच्याकडं खूण करून म्हणाल्या, "आणि यांना… झोपवा. हे झोपत नाहीत."

मी पलंगाच्या कडेला बसले. इतक्या वर्षांपूर्वी याच बाईनं एका वाक्यात माझी लाज आणि माझ्या पाटल्या वाचवल्या होत्या. मी म्हणाले, "निम्मा. निम्मा आमच्याकडं." या वेळी आवाज कापला नाही, आणि मला काय म्हणायचंय हेही मला पक्कं ठाऊक होतं.

"निम्मा तर ताई, कुठल्याच…" व्याही म्हणायला गेले आणि तिथंच थांबले.

भाऊजी दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "दादा, सावडीचं तुम्ही आर्धंच सांगता. म्होरक्याचं रान शेवटी, व्हय ना? पण आप्पाची दुसरी गोष्ट इसरले तुम्ही. म्होरक्याचं रान होईस्तोवर कुणी औत सोडून घरला जायचं नाय. बैल दमू द्या, दिस मावळू द्या. आमची रानं तुम्ही केली. समद्यांची झाली. आता तुमचं हाय. आमी औत सोडून जावं का?"

व्याह्यांनी मान वर केली नाही. विहीणबाईंच्या पायावरचं पांघरूण ते नीट करत राहिले, जे आधीच नीट होतं. मग म्हणाले, "नका सोडू."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. लेक आलटून पालटून इथूनच ऑफिसचं काम करते आणि सासऱ्यांशी पथ्यावरून वाद घालते. भाऊजींची बायको येते ती चार दिवसांचं रांधून जाते, त्यात तिखट जरा जास्तच असतं. विहीणबाईंनी निवडलेली मावशी व्याह्यांना खोलीबाहेर काढते, ते दुसऱ्या निमित्तानं आत येतात. कांबळे सर विहीणबाईंच्या हाताचे व्यायाम करून घेतात आणि ते करताना अमेरिकेवर बोलतात. त्या डोळे मिटून घेतात. दुपारी मी जाते, तेल लावते, वेणी घालते. सुरुवातीला व्याही दारात उभे राहून सांगायचे, "ताई, डावीकडून, तिथं दुखतं." मी म्हणायचे, "व्याहीबुवा, बाहेर." ते जायचे, पडद्याआडून त्यांची सावली दिसत राहायची. पुढं पुढं सावली कमी झाली. पण एक कबूल करायला हवं, डावीकडून खरंच दुखायचं.

विहीणबाईंचा उजवा हात काही उठत नाही, आणि उठेल असं आता डॉक्टरही म्हणत नाहीत. तिकडच्या घड्याळाचा काटा या वेळी कुणी सरकवला नाही; स्टूल धरणारं कुणी नव्हतं, आणि व्याह्यांनीही कुणाला सांगितलं नाही. वॉशिंग्टन त्या घरात तासभर चुकलेलंच आहे.

परवा दुपारी मी गेले तर दार नुसतं लोटलेलं. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. व्याही आरामखुर्चीत होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पेपर छातीवर, तोंड थोडं उघडं. मला आधी भीती वाटली, मग पेपर वरखाली होताना दिसला. दिवसाउजेडी झोपलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आत गेले. तेलाची वाटी घेऊन विहीणबाईंच्या मागं बसले. बाहेर बातम्या लागल्या आणि बाई सांगायला लागली की अमेरिकेनं आज मित्रराष्ट्रांना…

विहीणबाईंनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "आवाज… बारीक करा. अमेरिकेचं ऐकलं की… उठतील ते."